आयर्लंडमधील जुनी हवेली घरगुती समारंभासाठी भाड्याने घेताना

आयर्लंडच्या ग्रामीण भागात जमीनदार घराण्यांनी सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात बांधलेली जी मोठी घरे आज शिल्लक आहेत, त्यांतील अनेक घरे लग्नकार्य, साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन किंवा दोन-तीन पिढ्यांचे कौटुंबिक संमेलन अशा खासगी समारंभांसाठी दोन-तीन दिवस संपूर्ण भाड्याने मिळतात. डब्लिन, कॉर्क किंवा लंडन येथे स्थायिक असलेल्या मराठी कुटुंबांना, आणि मुलाबाळांच्या निमित्ताने भारतातून तेथे जाणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही, अशा घरांचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. मात्र मंगल कार्यालय ठरवण्याची जी रीत आपल्या अंगवळणी पडलेली असते, तिने येथे काम भागत नाही. मंगल कार्यालय शेकडो माणसांची वर्दळ सोसण्यासाठीच बांधलेले असते. ही घरे एका कुटुंबाच्या, त्याच्या पाहुण्यांच्या आणि नोकरचाकरांच्या वापरासाठी बांधली गेली, आणि त्यांचे सांडपाणी, वीजपुरवठा, गरम पाणी व पोहोचण्याचे रस्ते पुष्कळदा आजही त्याच मापाचे आहेत. म्हणून छायाचित्रांतील झुंबरांआधी या चार गोष्टींची चौकशी करावी.

घरांची आर्थिक पार्श्वभूमी माहीत असली की मालकांच्या बऱ्याच अटींचा उलगडा होतो. 1903 च्या विंडहॅम भूमी कायद्यानंतर जमिनी वेगाने कुळांच्या मालकीच्या होत गेल्या, म्हणजे ज्या खंडावर ही घरे पोसली जात होती तो खंडच आटला. पुढे स्वातंत्र्ययुद्ध आणि यादवी युद्धाच्या धामधुमीत, 1920 ते 1923 या काळात, पावणेतीनशेच्या आसपास घरे जाळण्यात आली; उरलेल्यांपैकी काहींची छपरे स्थानिक कर टाळण्यासाठी मालकांनीच उतरवली. जी टिकली ती पुष्कळदा पर्यटक, मुक्कामाचे पाहुणे आणि समारंभ यांच्या उत्पन्नावर टिकली. काउंटी (म्हणजे जिल्हा) कॉर्कमधील बँट्री हाऊस 1946 मध्येच लोकांसाठी खुले झाले. अशा घराच्या मालकाला आपल्याकडून भाडे हवे असते, पण आपल्या एका रात्रीच्या हौसेपायी अडीचशे वर्षांचा गिलावा निखळलेला नको असतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच म्हटले असते.

घर कोणाचे आहे, हे आधी पाहावे

भाड्याने मिळणाऱ्या घरांचे ढोबळमानाने वेगवेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाशी करावयाचा व्यवहार निराळा असतो. काही घरांत मूळ कुटुंब अजून राहते. समारंभाच्या काळात ते एका बाजूच्या दालनात सरकते किंवा बाहेरगावी जाते. काउंटी वॉटरफर्डमधील लिझमोर कॅसल हा ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या घराण्याचा वाडा याच पद्धतीने गटांना दिला जातो. काही घरांचे हॉटेल झाले आहे, उदाहरणार्थ काउंटी मोनॅहनमधील कॅसल लेस्ली. तेथे स्वयंपाकघर, परवाने आणि नोकरवर्ग तयार असतो, पण बाहेरचा आचारी सहसा चालत नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉनेमारा भागातील बॅलिनाहिंच कॅसल हेही आज हॉटेलच आहे. ज्यांच्या नावाने आपल्याकडे रणजी करंडक खेळला जातो, त्या जामनगरच्या रणजितसिंहांनी ते 1920 च्या दशकात विकत घेतले होते आणि ते तेथे मासेमारीसाठी जात असत, एवढे सांगितले की घरातील क्रिकेटवेडे काका प्रवासाला तयार होतात. तिसरा प्रकार विश्वस्त संस्थांचा. 1992 मध्ये स्थापन झालेला आयरिश लँडमार्क ट्रस्ट जुनी दीपगृहे, प्रवेशद्वाराजवळची द्वारपालांची घरे आणि छोटे किल्ले दुरुस्त करून मुक्कामासाठी देतो. आठ-दहा जणांचे संमेलन असेल तर एवढ्या मोठ्या हवेलीच्या नादी लागण्याचे कारणच नाही.

घरे शोधण्यासाठी ‘हिडन आयर्लंड’ आणि ‘आयर्लंड्स ब्लू बुक’ या दोन समूहांच्या याद्या उपयोगी पडतात. तिसरी यादी फारशी कोणी पाहत नाही, पण ती सर्वांत कामाची आहे, आणि ती आयर्लंडच्या महसूल खात्याची आहे. 1997 च्या कर कायद्याच्या 482 व्या कलमानुसार ऐतिहासिक घराच्या दुरुस्तीखर्चावर करसवलत हवी असेल, तर मालकाला ते घर वर्षातून किमान 60 दिवस लोकांना पाहण्यासाठी खुले ठेवावे लागते, आणि त्यांतील 40 दिवस मे ते सप्टेंबर या काळातले असावे लागतात. अशा घरांची यादी दरवर्षी प्रसिद्ध होते. तिचा उपयोग दुहेरी आहे. एक म्हणजे, भाड्याची बोलणी सुरू करण्यापूर्वी साधे तिकीट काढून, कोणाच्याही आग्रहाविना, घर आतून पाहून येता येते. दुसरे म्हणजे, आपल्या समारंभाचा दिवस लोकांसाठी खुल्या असलेल्या दिवसांत, विशेषतः ऑगस्टमधील राष्ट्रीय वारसा सप्ताहात, येत नाही ना, हे मालकाला विचारता येते. नाही तर हळदीच्या कार्यक्रमात अनोळखी पर्यटक डोकावण्याची शक्यता राहते. घर संपूर्ण आपल्याकडे असेल असे सांगितले जाते, तेव्हा बागाही त्यात धरल्या आहेत का, हेही स्पष्ट करून घ्यावे, कारण काही ठिकाणी घर खासगी आणि बाग सार्वजनिक अशी वाटणी असते.

उत्तर आयर्लंडमधील घरांचा विचार करताना तेथे चलन पौंड आहे आणि व्हिसा ब्रिटनचा लागतो, हे विसरू नये. काउंटी डाउनमधील क्लँडीबॉय हे 1884 ते 1888 या काळात भारताचे व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड डफरिन यांचे घर. भारतातून आणि ब्रह्मदेशातून नेलेल्या वस्तू तेथे अजून मांडलेल्या आहेत, आणि त्या पाहताना भारतीय पाहुण्यांच्या मनात संमिश्र भावना येतात.

पाहणीच्या दिवशी काय विचारावे

पाहुण्यांचे तीन आकडे तयार ठेवूनच जावे: मुक्कामाला किती, जेवायला किती आणि केवळ विधीपुरते किती. जुन्या घरात हे तीन आकडे कधीच सारखे नसतात. भव्य दिसणाऱ्या घरातही झोपण्याच्या खोल्या अनेकदा दहा-पंधराच असतात, त्यांतील काही एकमेकींतून जाण्याच्या असतात आणि काहींना स्नानगृह व्हरांड्यापलीकडे असते. लिफ्ट असण्याची शक्यता फार कमी. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांसाठी तळमजल्यावर एखादी खोली आहे का, हा प्रश्न दिवाणखान्याच्या रंगसंगतीआधी विचारावा. वऱ्हाडाचा जानोसा जवळच्या गावातील हॉटेलात ठेवावा लागला, तर तेथून ने-आण कशी होणार हेही त्याच वेळी ठरते. ग्रामीण आयर्लंडमध्ये रात्री उशिरा टॅक्सी मिळेल या भरवशावर राहू नये. छोट्या बसची व्यवस्था आगाऊ करावी, आणि ‘छोट्या’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण दोन्ही बाजूंनी झाडीच्या भिंती असलेल्या अरुंद वाटेवर आणि बग्गीच्या मापाने उभारलेल्या दगडी प्रवेशद्वारात पन्नास आसनी बस अडकते. फाटकाची रुंदी मोजून ती बसवाल्याला कळवणे हा आगाऊपणा नाही.

त्यानंतर घराच्या पोटातले प्रश्न. गावाबाहेरच्या या घरांना बहुतेक वेळा सार्वजनिक गटार नसते. सांडपाणी स्वतःच्या सेप्टिक टँकमध्ये जाते आणि पाणीही अनेकदा स्वतःच्या विहिरीचे असते. वीस माणसांच्या घरात एकशेवीस माणसे दिवसभर वावरली तर काय होईल, हे सांगायला नको, म्हणून ठरावीक संख्येपुढे बाहेरून फिरती स्वच्छतागृहे आणण्याची अट असते आणि तिचा खर्च आपल्यावर पडतो. विजेचेही तसेच. कॅटररची मोठी भट्टी, ध्वनियंत्रणा आणि मांडवातील हीटर एकाच वेळी लागले तर जुन्या घराचा पुरवठा बसतो; जनरेटर कोण आणणार आणि तो कोठे उभा राहणार, हे लेखी घ्यावे. गरम पाण्याची टाकी किती लिटरची आहे आणि ती पुन्हा तापायला किती वेळ लागतो, हा प्रश्न आयरिश मालकाला चमत्कारिक वाटेल, कारण त्याचे पाहुणे दिवसभरात सवडीने आंघोळ करतात. पण आपल्याकडे कार्याच्या दिवशी सकाळी सात वाजेपर्यंत अख्खे घर न्हाऊन तयार व्हायचे असते. मोठ्या खोल्या तापायलाही वेळ लागतो. उष्णतेसाठी लागणारे तेल भाड्यात धरलेले आहे की मीटरप्रमाणे वेगळे, आणि आपण पोहोचण्याच्या आदल्या दिवसापासून बॉयलर सुरू ठेवतील का, ही चौकशी मे-जूनमधल्या समारंभासाठीही करावी.

हवामानाबाबत आशावाद बाळगू नये. एक मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणारे दिवस पूर्व व आग्नेय किनाऱ्यावर वर्षाला सुमारे 150, तर पश्चिमेकडे सुमारे 225 असतात. तेव्हा हिरवळीवर मंगलाष्टके म्हणण्याचा बेत जरूर करावा, पण पावसात सगळे विधी घरात कोठे हलवायचे, ती खोली पाहणीच्या दिवशीच ठरवावी आणि तेथे किती खुर्च्या मावतात हे प्रत्यक्ष मोजावे. मांडव उभारण्याची परवानगी प्रत्येक घर देत नाही. जे देतात त्यांची जागा ठरलेली असते, कारण हिरवळीखालून जुन्या मोऱ्या गेलेल्या असतात आणि खुंट्या कोठेही ठोकता येत नाहीत.

मुहूर्ताची एक गंमत ध्यानात ठेवावी. जूनअखेरीस पश्चिम किनाऱ्यावर सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे गोरज मुहूर्त धरला तर जेवणाची पंगत मध्यरात्री बसेल; उलट डिसेंबरात साडेचारच्या आतच अंधारते आणि बागेतील छायाचित्रांसाठी दुपारचे जेमतेम दोन-तीन तास हाती उरतात. मुहूर्त भारतातील पंचांगावरून थेट न घेता, समारंभाच्या ठिकाणच्या सूर्योदय-सूर्यास्तावरून गुरुजींकडून काढून घ्यावा आणि मगच मालकाला वेळापत्रक द्यावे.

अग्नी, हळद आणि स्वयंपाक

आपल्या समारंभांत मालकाला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती अग्नीची, आणि ती अनाठायी नाही. काउंटी विकलोमधील पॉवर्सकोर्ट 1974 च्या आगीत आतून जळून गेले आणि पुढे सुमारे दोन दशके नुसत्या भिंती उभ्या होत्या. काउंटी मीथमधील स्लेन कॅसलच्या एका मोठ्या भागाची 1991 मध्ये राख झाली आणि ते पुन्हा उभे करायला दहा वर्षे लागली. घरात होम करण्याची परवानगी मागून नकार घेण्यापेक्षा, तबेल्याच्या फरसबंद चौकात किंवा भिंतीबंद बागेत, वाळूच्या थरावर धातूचे होमकुंड ठेवून, शेजारी अग्निशामक नळकांडे आणि एक जबाबदार माणूस उभा करून विधी करू, असा लेखी प्रस्तावच पाठवावा. त्यात अग्नी किती वेळ पेटता राहील, समिधा व तूप किती लागेल, लाजाहोम आणि सप्तपदी म्हणजे काय, हे चार ओळींत समजावून सांगावे. विमा कंपनीला दाखवण्यासाठी मालकाला असाच कागद लागतो, आणि तो मिळाला की परवानगीची शक्यता पुष्कळ वाढते.

हळद मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. या घरांच्या प्रवेशदालनात बहुधा चुनखडीच्या फरशा असतात, आणि चुनखडी सच्छिद्र असल्यामुळे तेलात कालवलेली हळद तीत मुरते. नंतर कितीही घासले तरी पिवळी झाक राहते, आणि आम्लयुक्त द्रावणाने घासले तर दगडच झिजतो. रेशमी भिंतकापड आणि लोकरी गालिचे यांची गोष्ट याहून वाईट. म्हणून हळद उघड्यावर किंवा मांडवात, जाड प्लॅस्टिक अंथरून लावावी आणि हात-पाय धुण्याची सोय तेथेच करावी. अक्षतांना कुंकू न लावता नुसते तांदूळ किंवा फुलांच्या पाकळ्या वापराव्यात; ओला तांदूळ पायाखाली चिकटतो आणि पॉलिश केलेल्या लाकडी जिन्यावरून माणूस घसरतो, हे वेगळेच. सजावटीसाठी खिळा, चिकटपट्टी, स्टेपलर यांपैकी काहीही भिंतीला लावता येणार नाही. ही घरे स्थानिक संस्थेच्या संरक्षित वास्तूंच्या नोंदवहीत असतात आणि कॅसलटाउन किंवा कार्टन या हवेल्यांत लाफ्रान्चिनी बंधूंनी अठराव्या शतकात केलेल्या नक्षीसारखे गिलाव्याचे काम ज्या घरात आहे, तेथे तर छताकडे बोट दाखवण्यापलीकडे काही करू नये. फुलांची कमान स्वतःच्या पायांवर उभी राहणारी असावी.

स्वयंपाकघर पाहताना तेथे आगा नावाची बिडाची मोठी चूल दिसेल. ती सतत तापलेली असते, पाव आणि मांस भाजायला उत्तम, परंतु तिला उघडी ज्योत नसते; तिच्यावर ऐंशी माणसांच्या पुऱ्या तळणे अशक्य आणि फुलके शेकणे जिकिरीचे आहे. फोडणीच्या धुराने आगीची घंटा वाजू लागते आणि तळघरातील स्वयंपाकघरातून हिंगाचा वास जिन्याने वर चढून पडद्यांत बसतो. मांडवामागे फिरते स्वयंपाकघर उभे करणारा भारतीय कॅटरर घेणे हाच व्यवहार्य मार्ग, आणि अशा कॅटररची आरोग्य सेवेकडे अन्नव्यवसाय म्हणून नोंदणी असावी लागते. हवेलीचे मालक बाहेरच्या प्रत्येक व्यावसायिकाकडून सार्वजनिक दायित्वाचा विमा मागतात. आयर्लंडमध्ये ही रक्कम बहुधा 65 लाख युरोंची असते. ओळखीतला हौशी आचारी स्वस्त पडला, तरी या अटीवर तो टिकत नाही.

कायद्याच्या बाजू

विवाह आयर्लंडच्या कायद्यानेही वैध व्हावा अशी इच्छा असेल, तर विवाह निबंधकाला किमान तीन महिने आधी सूचना द्यावी लागते. सरकारी निबंधक नागरी विवाह सोमवार ते शुक्रवारच लावतात, आणि विवाहाची जागा लोकांसाठी खुली असावी लागते, त्यामुळे पूर्णपणे खासगी घर या अटीत बसेलच असे नाही. शनिवारी विवाह हवा असेल तर विवाह लावणाऱ्याचे नाव सरकारच्या अधिकृत यादीत असले पाहिजे. आपले गुरुजी त्या यादीत आहेत का, हे आधी तपासावे. बऱ्याच कुटुंबांना सोयीचे पडते ते असे की, कायदेशीर नोंदणी आधीच भारतात किंवा निबंधकाच्या कार्यालयात उरकावी आणि हवेलीत फक्त धार्मिक विधी ठेवावा.

मद्य पाहुण्यांना फुकट दिले तर परवान्याचा प्रश्न सहसा येत नाही, पण पैसे घेऊन बार चालवायचा असेल तर परवाना लागतो, आणि तो घराकडे नसेल तर परवानाधारक व्यावसायिकाला प्रासंगिक परवाना न्यायालयातून मिळवावा लागतो. फटाक्यांचा विचार सोडून द्यावा; फुलबाजीसारखे अगदी किरकोळ प्रकार वगळता आयर्लंड प्रजासत्ताकात परवान्याशिवाय फटाके जवळ बाळगणेही गुन्हा आहे. ढोल-ताशाचे पथक आणायचे असल्यास मालकाला आधी सांगावे, कारण किल्डेअर, मीथ या भागांत शेजारी जातिवंत घोड्यांची पैदास केंद्रे असतात आणि बिथरलेल्या घोडीची किंमत पथकाच्या मानधनाहून खूपच मोठी असते.

भारतीय पारपत्रावर येणाऱ्यांना आयर्लंडचा स्वतंत्र व्हिसा लागतो. युरोपातील अनेक देशांसाठी एकच असलेला शेंगेन व्हिसा येथे चालत नाही. भारतीयांसाठी ब्रिटन आणि आयर्लंड यांची संयुक्त व्हिसा योजना आहे, पण व्हिसावर तशी नोंद असावी लागते आणि ज्या देशाने व्हिसा दिला तेथे आधी उतरावे लागते. दोन आयर्लंडमधील सीमेवर कोणी अडवत नाही, म्हणून व्हिसा लागत नाही असा समज करून घेऊ नये. निमंत्रणपत्रासोबत घराच्या आरक्षणाची प्रत जोडली तर अर्जाला आधार मिळतो, म्हणून आरक्षणाची पावती समारंभाच्या तारखा आणि संपूर्ण पत्त्यासह मागून घ्यावी.

करार, पैसे आणि परतण्याचा दिवस

उन्हाळ्यातील शनिवार, आणि जून, ऑगस्ट व ऑक्टोबरमधील सोमवारच्या सार्वजनिक सुट्ट्यांना जोडून येणारे दिवस, फार आधी भरतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी किंवा मार्च-नोव्हेंबरात दर उतरतो आणि घासाघीस करायलाही वाव मिळतो. दर ऐकताना तो घराचा आहे की माणशी, त्यात व्हॅट आहे का, किमान किती रात्रींचा मुक्काम बंधनकारक आहे, आणि साफसफाई, इंधन, मांडवाची जागा व व्यवस्थापकाचा वेळ यांपैकी काय वेगळे लागेल, हे एकाच पत्रात विचारावे. करारात संगीत बंद करण्याची वेळ, बाहेरच्या पुरवठादारांना आत येण्याची वेळ, आदल्या दिवशी तयारीसाठी मिळणारे तास आणि समारंभ रद्द झाल्यास कोणत्या टप्प्यावर किती रक्कम परत मिळेल, हे स्पष्ट असावे. मालकाला घर विकावे लागले किंवा छत गळून ते वापरता आले नाही तर काय, हे कलम बहुतेक मसुद्यांत दुबळे असते. तेवढ्यासाठी स्थानिक वकिलाला एकदा मसुदा दाखवणे महाग पडत नाही. पैसे बँकेतून पाठवण्यापूर्वी खाते क्रमांक ईमेलवरून नव्हे, तर घराच्या अधिकृत दूरध्वनीवर बोलून पडताळावा.

पोहोचल्यावर सामान उघडण्यापूर्वी व्यवस्थापकासोबत सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारावी आणि आधीपासूनचे तडे, डाग, तुटके हँडल यांची तारखेसह छायाचित्रे काढून त्याच संध्याकाळी पाठवून द्यावीत. भिंतीवरची कौटुंबिक चित्रे समाजमाध्यमांवर टाकण्यास काही मालकांची हरकत असते, तेव्हा छायाचित्रकाराला तशी कल्पना द्यावी. निघण्याची वेळ बहुधा सकाळी अकराची असते आणि लग्नघर अकराला रिकामे होत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे; म्हणून आदल्या रात्रीच दोन तरुणांवर भाड्याची भांडी, मांडवातील उरलेले सामान आणि तेलाच्या मीटरची नोंद यांची जबाबदारी सोपवावी, किल्ल्या देताना पुन्हा एक फेरी मारून व्यवस्थापकाची सही घ्यावी, आणि अनामत रक्कम किती दिवसांत परत येणार ते त्याच कागदावर लिहून घ्यावे.